'शेजार'ला गिऱ्हाईक नव्हतं

परवा एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत वाचलं की मराठवाड्यासारख्या भागात कॉम्प्युटर एकमेकांना जोडून फायली वाटून घेण्याच्या सॉफ्टवेअरला मागणीच नव्हती, म्हणून ते तिथे रुजलं नाही. लिहिणारे गृहस्थ मोठ्या शहरातले. 'बाजाराने आपला कौल दिला,' असं त्यांचं शेवटचं वाक्य. मी तो पेपर हॉटेलातल्या बाकड्यावर तसाच टाकून उठलो. ज्या बाजाराबद्दल ते लिहितात त्याचं तोंड मी जवळून पाहिलेलं आहे. बीडमध्ये एका दुपारी त्या बाजाराने एका माणसाचा प्रोग्राम मारला आणि चकलांब्याच्या एका मुलीची शिक्षिका होण्याची जागा खाल्ली. मी त्या खोलीत होतो.

त्या माणसाला आम्ही सर म्हणायचो. टेलिफोन एक्स्चेंजमधली कायमची नोकरी सोडून त्यांनी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत, थोरल्या भावाच्या पेंड-सरकीच्या दुकानावरच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. घराणं वीरशैव वाण्यांचं, तीन पिढ्या तराजूमागे बसलेलं. सरांच्या गळ्यात इष्टलिंग असायचं, खिशात पक्कड असायची आणि अंगाला कायम पेंडीच्या ढेपेचा वास. खोलीत दोन जुने कॉम्प्युटर समोरासमोर तोंड करून ठेवलेले. त्यांच्यामध्ये काळी जाड वायर. एकावर लिहिलेली फाईल दुसऱ्याच्या पडद्यावर, जणू तिथलीच असल्यासारखी उघडायची. हा प्रोग्राम सरांनी स्वतः दोन वर्षं खपून लिहिला होता. नाव 'शेजार'.

माणूस गोड नव्हता. वर्गात एखाद्या पोराने कोपराने वही झाकली की त्याला बाहेर काढायचे. "झाकायसारखं काय लिवलंस बे? प्रेमपत्र हाय का?" हॉटेलात पेपर वाचायला घेतला की पानं सुटी करून चार टेबलांवर वाटून टाकायचे. मालक वैतागला की म्हणायचे, "एकटा माणूस चार पानं एका वक्ताला वाचतो का?" घराच्या दाराला आतून कडी नव्हती. फोन उचलला की हॅलो म्हणत नसत. "बोला, उघडं हाय," म्हणत. समोरच्याला वाटायचं दुकानाबद्दल सांगतायत.

माझ्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील एसटीच्या वर्कशॉपात, युनियनचे. संपाची, निषेधाची, मेळाव्याची पत्रकं वाचत मी अक्षरं शिकलो आणि बोलायलाही तसाच लागलो. सरांनी दुसऱ्याच दिवशी माझं नाव 'पत्रक' ठेवलं. मी खाजगीकरणावर तावातावाने बोलू लागलो की हात वर करायचे. "ए पत्रक, घोषणा खाली ठेव अन् फाईल उघड."

सगळ्यात मोठा राग त्यांना मखमलीचा. तेव्हा ऑफिसांतून कॉम्प्युटर नवीन आले होते आणि त्यांच्यावर लाल नाहीतर जांभळ्या मखमलीचं झाकण शिवून घातलेलं असे. दसऱ्याला हार, समोर नारळ, खोलीत वातानुकूलन, दाराबाहेर चपलांची रांग. सर चपला काढत नसत. आत जात, झाकण उचलत, नीट चौघडी घालत आणि खुर्चीवर ठेवून तिच्यावर बसत. एका कार्यालयात शिपाई धावत आला, "साहेब, त्याला धूळ चालत न्हाई." सर म्हणाले, "धूळ चालती. त्याला निकामं बसणं चालत न्हाई."

अशा भेटींना ते 'मागणी बघायला' म्हणत. एका पिशवीत दोन फ्लॉपी, वायरीचं भेंडोळं आणि वायरीच्या टोकांना बसवायची पितळी टोपणं घेऊन ते एसटीने जिल्हाभर फिरायचे. शनिवारी मी सोबत. विचारायचा सवाल ठरलेला होता. "तुमच्याकडं दोन कॉम्प्युटर हायेत का? हायेत तर हिकडची फाईल तिकडं कशी नेता?"

घाटनांदूरला एका आडत्याकडे दोन होते. सरांचा चेहरा उजळला. आडत्या पानाची पिंक टाकून म्हणाला, "एक माझा, एक धाकट्याचा. जोडायचे म्हंता? आमी भाऊ भाऊ तीन सालापासून बोलत न्हाई, अन् कॉम्प्युटर कावून बोलंल?"

एका सरकारी कचेरीत फाईल न्यायचं काम शिपाई करायचा, फ्लॉपीतून. पण कचेरीत आलेल्या प्रत्येक वस्तूवर आवक क्रमांक पडलाच पाहिजे असा नियम. आवक बारनिशीचा कारकून फ्लॉपी टेबलावर ठेवायचा आणि गोल शिक्का शाईत बुडवून तिच्यावर दाणकन हाणायचा, एकदा दर्शनी बाजूला, एकदा मागे. शाई आत जायची, फ्लॉपी मरायची. मग नवी फ्लॉपी, नवा क्रमांक, नवा शिक्का. सरांनी त्याला विचारलं, "हे किती दिवस चाललंय?"

"मशीन आलं तवापासून."

"आन् फाईल एकदा तरी पोचली का?"

"ते आमच्याकडं न्हाई," कारकून म्हणाला. "आमच्याकडं आवक."

सर मला बाहेर येऊन म्हणाले की हा माणूस येडा नाही. वायर लागली तर याच्या शिक्क्याला कोणी विचारणार नाही, हे याला आपल्याआधी कळलंय.

त्यांच्याजवळ एक वही होती. प्रत्येक ठिकाणापुढे ते लिहायचे, 'गरज आहे, मागणी नाही.' पानंच्या पानं तेच. थोरले भाऊ खालून ओरडायचे, "अरे, दुकानात गिऱ्हाईक मागतंय ते ठेवावं. वाण्याच्या घरी जल्मला अन् एवढं कळंना?" सर वरून म्हणायचे, "मागायला गिऱ्हाइकाला ठावं तर पायजे का न्हाई?" आईने त्यांना सोमवारी कपिलधारच्या समाधीला पाठवायला सुरुवात केली, बुद्धी यावी म्हणून. ते जायचे, आणि येताना वाटेतल्या दोन शाळा आणि एक दवाखाना बघून यायचे.

मग एके दिवशी मागणी आली. एकच आली.

बीडमध्ये एक शिक्षणसंस्था होती. अकरा शाखा. अध्यक्षांना सगळे दादा म्हणत. राजकारणात होते, जमीन होती, आणि नव्या धोरणात शाळा-कॉलेजं काढणं हा धंदा झाला हे ज्यांना सगळ्यांत आधी उमगलं त्यांतले होते. संस्थेच्या अध्यापक विद्यालयात मी तोवर ऑपरेटर म्हणून लागलो होतो. सरांच्याच शब्दावर. मुंबईहून तपासणी समिती यायची होती आणि तिच्या कागदात 'नेटवर्क' असा एक रकाना होता.

दादांनी सरांना बोलावलं. "सर, ते तुमचं वायरीचं बसवून टाका. आणि वायर भिंतीच्या आतून नेऊ नका. दिसली पायजे."

सरांना त्यातलं 'दिसली पायजे' ऐकू आलं नसावं. त्यांनी आठ दिवसांत सगळं जोडलं. लॅबमधले बारा, ऑफिसातला माझा एक, दादांच्या दालनातला एक. नियम त्यांनी घातला. ऑफिसच्या फायली वाचायला सगळ्यांना खुल्या, लिहिता येईल ते माझ्याच कॉम्प्युटरवरून. दादांच्या स्वीय सहाय्यकाने निरोप आणला, दादांनाही लिहिता आलं पाहिजे. "मला हात लावता येत न्हाई असा कागद ह्या संस्थेत ठेवायचा न्हाई," असे दादांचे शब्द. सरांनी मान हलवली आणि ती एक जागा उघडून दिली. ती चूक होती. पण माणसाला पहिलं गिऱ्हाईक मिळालं होतं.

समिती आली, वायरीकडे बघितलं, काजू खाल्ले, गेली. दादा म्हणाले, "आता काढा ते." सर म्हणाले, काढतो. काढलं नाही. आणि दालनातल्या कुणालाही पुढे दोन महिने कळलं नाही की ते चालूच आहे, कारण तिथल्या कॉम्प्युटरवर पत्र टाइप करण्यापलीकडे कुणी काही करत नव्हतं.

प्रवेशाचे दिवस आले. तोवर सहाय्यकाला दालनातूनही ऑफिसच्या फायली उघडतात हे सापडलं असावं; त्या लॅबमध्येही दिसतात हे नाही. निम्म्या जागा गुणांवर, निम्म्या संस्थेच्या मर्जीवर. मर्जीच्या जागा कशा भरतात ते बीडमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत होतं. गुणांच्या वीस जागांची यादी मी टाइप केली. एकोणिसावं नाव चकलांब्याच्या एका मुलीचं होतं. यादी चार वाजता फळ्यावर लागायची होती.

मुलगी बारा वाजताच बापाबरोबर आली होती. व्हरांड्यात उभी होती. सर तिथून जाताना थांबले, नाव विचारलं आणि तिला थेट लॅबमध्ये घेऊन गेले. माझ्या कॉम्प्युटरवरची यादी तिथल्या पडद्यावर उघडून दिली. लॅब माझ्या टेबलासमोरच, मध्ये फक्त काच. मला सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं.

"वाच," सर म्हणाले.

तिने बोट पडद्याला न लावता वरून खाली नेलं. एकोणिसाव्यावर थांबली. बाहेर जाऊन बापाला सांगितलं. तो म्हातारा काचेतून आत बघत राहिला, पडदा त्याला वाचता येत नव्हता तरी.

अर्ध्या तासाने ती परत आली. म्हणाली, "सर, आजून एकदा दावता का? बघू वाटतंय."

सरांनी हसून यादी पुन्हा उघडली. तिने बोट खाली नेलं. पुन्हा वर नेलं. मग सावकाश म्हणाली, "सर, आता हितं हुतं."

एकोणिसाव्या जागी एका रस्त्याच्या ठेकेदाराच्या मुलीचं नाव होतं. गुणांच्या रकान्यात चकलांब्याच्या मुलीचे गुण तसेच ठेवलेले. आळशी चोरी होती ती. नाव बदलण्यापुरतीच मेहनत घेतलेली.

सरांनी काचेतून माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात वर करून दाखवले. मी कळफलकाला हात लावला नव्हता. माझ्या समोर, माझ्या डोळ्यांदेखत माझी फाईल बदलली होती, आणि लिहिता येणारी दुसरी जागा एकच होती.

सर चपलांसकट दालनात गेले. मला हाताने बोलावलं. मुलगीही मागोमाग आली, तिला कुणी थांबवलं नाही.

"या सर. चहा घ्या," दादा म्हणाले. मुलीने व्हरांड्यात बापाला सांगितलेलं बहुतेक सहाय्यकाने ऐकलं होतं आणि त्यांना तोवर सांगितलंही होतं, कारण त्यांनी काय झालंय ते विचारलंही नाही. "कॉम्प्युटरनं चुकीचं नाव दाखवलं. आपण दुरुस्त केलं."

"कॉम्प्युटर नावं ठेवत न्हाई, दादा. माणसं ठेवतात."

"सर, तुमी हुशार माणूस. तुमच्या ह्या शेजारला गिऱ्हाईक न्हाई म्हणून तुमी गावोगाव फिरता, मला ठावं हाय. माझ्या अकरा शाखा. अकरा ठिकाणी लावा. मी पत्र देतो, शेजारच्या जिल्ह्यातल्या संस्थावाले माझे मित्र हायेत, तेबी घेतील." दादांनी सहाय्यकाकडे बघितलं. त्याने एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'जोडणीतील दोषामुळे गुणवत्ता यादीत काही काळ चुकीचे नाव दिसले.' खाली दोन सह्यांच्या जागा. प्रोग्राम करणारा. ऑपरेटर.

मी सरांकडे बघत होतो. खोटं कशाला सांगू, त्यांना मोह झाला. त्या कागदाकडे ते इतका वेळ बघत राहिले की दादांनी सहाय्यकाशी दुसरंच काही बोलायला सुरुवात केली. अकरा शाखा. वहीतली सगळी पानं त्या एका कागदाने पुसली गेली असती. थोरल्या भावाचं तोंड बंद झालं असतं.

मग सर वळले आणि त्या मुलीला म्हणाले, "पोरी, ह्यावर सही केली तर माझा धंदा चालतो. न्हाई केली तर बुडतो. तुझी जागा तर अशीबी अन् तशीबी ह्यांच्या हातात हाय. काय करू?"

दादा हसले. "तिला काय विचारता सर."

मुलगी जमिनीकडे बघत म्हणाली, "मला त्यातलं काय बी कळत न्हाई. माझं नाव हुतं का न्हवतं, तेवढंच सांगा."

"हुतं."

"मग तसंच लिवा."

सरांनी माझ्या खिशातला पेन काढून घेतला. टाइप केलेल्या ओळीवर एक आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'नाव होते. जोडणीत दोष नाही.' सही केली. मग पेन माझ्यापुढे धरला.

पत्रकांवर वाढलेला मी. संपात वडिलांच्या खांद्यावर बसून घोषणा दिलेल्या. शोषण, दडपशाही, एकजूट हे शब्द मला बाराखडीच्या आधी आले. दादा शांतपणे म्हणाले, "पोरा, तू पडद्यावर बघितलं का रे ते नाव?"

आणि मी म्हणालो, "मी तेव्हा पाणी प्यायला गेलतो."

सरांनी पेनला टोपण लावलं आणि तो माझ्या खिशात परत ठेवला. दादा म्हणाले, "बघा. तुमच्याच माणसानं बघितलं न्हाई." सरांच्या एकट्याच्या सहीचा कागद सहाय्यकाने दोन तुकडे करून टोपलीत टाकला. चार वाजता यादी लागली. मुलीची मूळ गुणपत्रिका माझ्याच कपाटात होती, म्हणून ती परत द्यायचं कामही माझंच. बापाने विचारलं, "साहेब, आता कवा लागंल नंबर?" मी त्याला म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. म्हातारा मला हात जोडून गेला.

दादांच्या माणसांनी वायर दुसऱ्या दिवशी कापली. नुसती काढली नाही, कापली.

पुढे जे झालं त्याला त्या पुरवणीतले गृहस्थ 'मागणीचा अभाव' म्हणतात. जिल्हाभर पसरलं की त्या वाण्याचं सॉफ्टवेअर चहाडी करतं. आणि तेवढ्यात 'शेजार'साठी सरांचा फोन पहिल्यांदाच वाजायला लागला. एका संस्थेचा, एका बाजार समितीतल्या माणसाचा, एका मोठ्या दवाखान्याचा. सगळ्यांची मागणी एकच. दुसऱ्यांच्या फायली मला दिसाव्यात, माझ्या कुणाला दिसू नयेत, असं करून द्या. सर "बोला, उघडं हाय" म्हणायचे, ऐकून घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. वर्षभरात पुण्याची एक कंपनी आली. तिच्याकडे नेमकं तेच होतं, रंगीत पुस्तिकेसह. अकरा शाखांत तेच लागलं. मागणी भरपूर होती, साहेब. कुलपाला होती. तुमच्या बाजाराने कौल दिला तो ह्याला, आणि तुम्ही त्याला प्रगती म्हणता.

सरांनी क्लास बंद केला. काही दिवस एसटीडी बूथ चालवून बघितला. तिथे काचेच्या खोलीला दार बसवायला ते तयार होईनात. "आईशी बोलायला दार कशाला?" लोक बाहेरूनच परत जायचे. तोही बंद पडला. आता ते खाली भावाच्या दुकानात पोती मोजतात. भाऊ त्यांना टोमणे मारत नाहीत, हे मला टोमण्यांपेक्षा वाईट वाटतं.

मी ती नोकरी आणखी सात महिने केली. नंतर सोडली, तत्त्वासाठी नाही, दुसरी मिळाली म्हणून. गेल्या उन्हाळ्यात दुकानावर गेलो. सर सरकीच्या पोत्यावर बसले होते. थोडं सरकून जागा दिली.

मी म्हणालो, "सर, तुम्ही माझ्यावर कधी चिडला नाहीत."

"चिडलतो. आजून हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"तू कवा इच्यारलंस?"

गिऱ्हाईक आलं. त्यांनी ढेप मोजून दिली, हात झटकले, पुन्हा येऊन बसले. त्या मुलीचं काय झालं ते त्यांनीच सांगितलं. चकलांब्याच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. पोरांना खिचडी वाढते. अक्षरं शिकवायचा पगार दुसऱ्या बाईंना मिळतो, शिकवते मात्र हीच. ठेकेदाराची मुलगी कुठल्याशा शाळेत कायम झाली.

"दोन सह्या लागत व्हत्या," सर म्हणाले. "एक झाली. दुसरीची काय मुदत संपली न्हाई. तू एवढं लिवतोस आता पेपरात, बाजार अन् शोषण अन् काय काय. पत्रक, कवातरी मुद्द्यावर ये."

मुद्दा एवढाच आहे. गुणवत्ता यादीत एकोणिसाव्या जागी चकलांब्याच्या मुलीचं नाव होतं. ते मीच टाइप केलं होतं आणि तिचे गुण मूळ गुणपत्रिकेशी दोनदा ताडून पाहिले होते. ते नाव दालनातून बदललं गेलं तेव्हा मी माझ्या खुर्चीवर होतो. पाणी प्यायला मी कुठेही गेलो नव्हतो.